मामांच्या फोर्डचं मूळ गाव: जुन्या गाडीवरचे नंबर कसे शोधायचे आणि कसे वाचायचे

कोल्हापुरात कुठलीही जुनी गाडी शेडमधून बाहेर काढा, ती महाराजांचीच असते. हसू नका, मी स्वतः निदान सात-आठ गाड्यांबद्दल हे ऐकलंय, त्यातली एक तर १९५६ ची होती. आता दसऱ्याला दसरा चौकात जी मेबॅक येते ती खरीच छत्रपतींच्या घराण्याची, त्याबद्दल वादच नाही, पण त्या एका गाडीनं आपल्या सगळ्यांची सवय बिघडवलीय, पत्रा जरा जुना दिसला की लगेच राजवाडा.

आमच्या मामांकडे कागलच्या अलीकडं गुऱ्हाळाच्या शेडमध्ये एक फोर्ड मॉडेल ए पडून होती, उघडी चार दारी, टपाचं कापड कधीच गेलेलं, एका मडगार्डवर कोंबड्या बसायच्या. मामांचं ठरलेलं वाक्य, "आरं ती म्हाराजांची हाय, अमेरिकेस्नं आणल्याली." तर ती अमेरिकेची नव्हती हे आम्ही नंबरांवरून शोधलं, आणि त्यात सव्वा वर्ष गेलं कारण पहिले आठ महिने आम्ही चुकीच्याच नंबराच्या मागं पळत होतो. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी डोक्यातून १७ आकडे काढून टाका

आजच्या गाडीला जो १७ अक्षर-आकड्यांचा चेसी नंबर असतो (चेसी म्हणजे गाडीची खालची फ्रेम, सांगाडा), ज्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात (एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून), ती पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली, मग हळूहळू बाकीकडे पसरली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला कारभार. कुणाचा नंबर पाच आकडी, कुणाचा अक्षरांनी सुरू होणारा, कुणी इंजिन नंबरालाच गाडीचा नंबर मानायचं. त्यामुळे मोबाईलवर नंबर तपासायच्या साईटवर नंबर टाकून "इनव्हॅलिड" आलं म्हणजे गाडी डुप्लिकेट असं काही नसतं. वीसच्या-तीसच्या दशकातल्या गाडीला ती साईट काय ओळखणार.

म्हणजे पहिली पायरी नंबर शोधणं नाहीच, गाडी कुठल्या कंपनीची आणि ती कंपनी त्या काळात नंबर कुठं आणि कसा मारायची ते आधी समजून घ्यायचं. हे न करता टॉर्च घेऊन गाडीखाली घुसलात की लोखंडावर दहा ठिकाणी आकडे दिसतील आणि प्रत्येक आकडा तुम्हाला चेसी नंबरच वाटेल. आमचं तेच झालं.

ओतलेला नंबर आणि ठोकलेला नंबर

ह्या अख्ख्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. आम्हाला हे उद्यमनगरातल्या एका तात्यांनी शिकवलं, चाळीस वर्षं पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा तयार होतो तो नमुना, बनवण्यात गेलेला माणूस. मी त्यांना मोठ्या कौतुकानं इंजिनवरच्या नंबराचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ह्यो नंबर गाडीचा न्हाई, साच्याचा हाय."

ओतीव भागावर जे आकडे वर उठलेले असतात, बोटाला फुगीर लागतात, ते पॅटर्नमध्येच कोरलेले असतात. त्या पॅटर्नवरून जेवढे भाग ओतले त्या सगळ्यांवर तोच आकडा, हजार असोत नाहीतर लाख. त्यावरून भाग कुठला, कधीकधी कुठल्या काळातला हे कळतं, पण ही एक गाडी कुठली ते कळत नाही. आणि जे आकडे खाली दबलेले असतात, पंच आणि हातोड्यानं एकेक ठोकलेले, थोडे वाकडेतिकडे, एखादा खोल एखादा उथळ, ते त्या एकाच नगाचे. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे विचारा, दोन मिनिटात समजावून सांगेल. तरीपण जुन्या गाड्यांच्या सौद्यात निम्मी भांडणं ह्या एका गल्लतीवरून होतात.

फोर्डच्या बाबतीत तर अजून एक गंमत. मॉडेल ए चे पार्ट नंबर पण ए नंच सुरू होतात, उदाहरणार्थ सिलेंडर हेड म्हणजे ए-६०५०, आणि अमेरिकेत बनलेल्या गाडीचा इंजिन नंबर पण ए नंच सुरू होतो. मामांच्या भाच्यांनी, म्हणजे आम्हीच, एक पार्ट नंबर चेसी नंबर समजून चार ठिकाणी पाठवला होता. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकानं सभ्यपणे दिलं.

ओतीव आकडे अगदी टाकाऊ मात्र नसतात हां. जनरल मोटर्सच्या शेवरलेसारख्या गाड्यांच्या ब्लॉकवर ओतल्याची तारीख असते, महिन्याला अक्षर (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं करत एल पर्यंत), मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी १४ ९ दिसलं तर १४ मार्च, वर्ष १९३९ किंवा १९४९, कुठलं ते बाकीची गाडी बघून ठरवायचं. इंग्लिश गाडी असेल तर लुकास कंपनीच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना-वर्ष ठोकलेलं सापडतं, ५ ६१ म्हणजे मे १९६१. चार-पाच भागांच्या तारखा एकमेकींच्या जवळ आल्या तर गाडी बऱ्यापैकी मूळची. एकच भाग दहा वर्षं पुढचा निघाला तर तो बदललेला.

नंबर बाहेर कसा काढायचा

मेहेरबानी करून ग्राइंडर लावू नका. सँडब्लास्टिंग पण नको. माझ्या ओळखीच्या एकाची मॉरिस एका गॅरेजला दिली होती, त्यांनी फ्रेम "मस्त स्वच्छ" करून दिली, इतकी स्वच्छ की नंबर पण गेला. आता ती गाडी कुणाची, कुठली, हे देवाला माहीत आणि आरटीओला तर अजिबातच नाही.

आधी घासलेट किंवा डिझेलमध्ये चिंधी भिजवून ती जागा रात्रभर ओली ठेवायची. ऐंशी वर्षांचं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं, ते फुगू द्यायचं. सकाळी लाकडी पट्टीनं किंवा जुन्या प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, मग पितळी तारेचा ब्रश, हलक्या हातानं. स्टीलचा ब्रश नको. रंगाचे थर असतील तर रंग काढायचं केमिकल लावून थांबायचं, घाई करायची नाही. आणि त्या रंगाचे फोटो काढत जा, कारण खालून आधी कुठला रंग निघतो ती पण एक साक्षच असते.

मग शेडमधला दिवा बंद करायचा आणि टॉर्च बाजूनं, लोखंडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, आडवा टाकला की दबलेल्या आकड्यांत सावली भरते आणि आकडे आपोआप उभे राहतात. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन महिने कोरा वाटणारा पत्रा एकदम बोलायला लागला. त्यावर पांढरा खडू घासून बोटानं पुसायचा, खाचेत खडू राहतो. फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आणि शेवटी आपला आरटीओवाला प्रकार, पेन्सिल प्रिंट. पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, वर सेलोटेप लावून उचलायचं. गाडी पासिंगला नेताना एजंट जे दोन मिनिटात करतो तेच. फोटोत ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत होते, प्रिंटमध्ये बऱ्याच वेळा सुटते. तीन-चार प्रिंट घ्या, तारीख टाकून फाइलला लावा.

नंबर खरोखरच घासून घालवलेला असेल तर प्रयोगशाळेत आम्ल वापरून तो परत दिसता करता येतो, कारण पंच मारल्यावर आकड्याच्या खालचं लोखंडही दाबलं गेलेलं असतं आणि आम्लाला ते वेगळं लागतं. पण ते फॉरेन्सिकवाल्यांचं काम. घरी बाथरूममधलं अ‍ॅसिड ओतून बघणारे मी पाहिलेत, नंबर तर मिळाला नाहीच, बोटं भाजली ते वेगळंच. आणि नंबर नाही म्हणून कुणी "पंच मारून देतो साहेब" म्हणाला तर त्याच्या दारात परत जाऊ नका. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय चेसी नंबर ठोकणं म्हणजे सरळ पोलीस केस.

आमच्या फोर्डवर तीन नंबर निघाले

मॉडेल ए ला नंबर दोन जागी असतो. एक इंजिनवर डाव्या बाजूला, रेडिएटरचा खालचा पाईप जिथं ब्लॉकला जोडतो त्याच्या जरा वर एक सपाट जागा असते तिथं, दोन्ही टोकांना चांदणी ठोकलेली. दुसरा तोच नंबर फ्रेमच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, पण तो बॉडीच्या पुढच्या भागाखाली दडलेला. म्हणजे बॉडी चढवली की झाकला गेला, परत बॉडी उचलेपर्यंत कुणाच्याही नजरेस पडत नाही. म्हणून तोच सगळ्यात विश्वासाचा, कारण ज्याला काही लबाडी करायचीय तो एवढा कुटाणा करत नाही.

आमच्याकडं आरसी बुकात एक नंबर, त्यात एक आकडा पुसट. इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळला. मामा खूश, झालं की काम. पण तात्या म्हणाले फ्रेम बघितल्याशिवाय काही खरं नाही, आणि इंजिनची माऊंटिंग बघून त्यांना आधीच संशय आला होता. शेवटी बॉडीचे बोल्ट सैल करून पुढचा भाग चार बोटं उचलला, जॅक, लाकडाचे ठोकळे आणि गुऱ्हाळावरचे सहा गडी. फ्रेमवरचा नंबर वेगळाच. आणि तिसरा म्हणजे आमचा तो लाडका पार्ट नंबर, जो आम्ही आठ महिने जगभर मिरवला.

तर ह्याचा अर्थ असा की कधीतरी इंजिन बदललं गेलं आणि नंतर नोंदणी करताना कारकुनानं बॉनेट उघडून समोर दिसला तो नंबर उतरवून घेतला. त्याचं काही चुकलं नाही, त्याला कोण बॉडी उचलून दाखवणार होतं. जुन्या आरसीत हे फार सापडतं. इंजिन बदलणं म्हणजे काही पाप नाही, मॉडेल ए चं इंजिन ३.३ लिटर, चाळीस हॉर्सपॉवरचं, साधं आणि दणकट, ऐंशी-नव्वद वर्षांत एकदा तरी बदलायचंच. फक्त गाडीचा जन्मदाखला म्हणून फ्रेम धरायची, इंजिन नाही.

आता मुख्य गोष्ट. इंजिनवरचा असो की फ्रेमवरचा, दोन्ही नंबर ए नं सुरू होत नव्हते, सीए नं सुरू होत होते. सीए म्हणजे कॅनडा. फोर्डची कॅनडातली कंपनी १९०४ ची, ओंटारिओतल्या वॉकरव्हिलला, डेट्रॉइटच्या समोर नदी ओलांडली की. ब्रिटन सोडून बाकी ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकायचा हक्क तिचा होता. साम्राज्यातला माल म्हणून जकातीत सवलत, आणि डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी उजव्या हाताचं स्टिअरिंग. भारतात फोर्डची जी कंपनी १९२६ ला निघाली ती पण ह्याच कॅनडाच्या कंपनीची लेक. म्हणून आपल्याकडच्या त्या काळच्या "अमेरिकन" गाडीला उजवीकडं स्टिअरिंग दिसलं की आधी कॅनडाचाच विचार करायचा. ब्युईक, शेवरलेलाही हे लागू, जनरल मोटर्सचा कॅनडातला कारखाना ओशावाला होता.

एक सावधगिरी. अमेरिकन मॉडेल ए च्या नंबरांचा महिन्यावार तक्ता मिळतो, १९२८ संपताना आठ लाखांच्या पुढं, १९२९ संपताना सत्तावीस लाखांच्या पुढं, असा. तो सीए ला लावायचा नाही. कॅनडाची क्रमवारी वेगळी आणि आकडे खूप छोटे, अमेरिकन तक्त्यात टाकला तर तुमची गाडी आहे त्यापेक्षा जुनी निघेल आणि तुम्ही गावभर पेढे वाटाल.

वर्ष मग गाडीच्या अंगावरून पक्कं करायचं. मॉडेल ए ला १९२८-२९ मध्ये २१ इंची चाकं, १९३०-३१ मध्ये १९ इंची, रेडिएटरचा मुखवटा पण दोन्हींत वेगळा. उघड्या चार दारी बॉडीला फोर्ड ३५-ए म्हणायचं, नंतरच्या बदललेल्या रूपाला ३५-बी. आमची २१ इंची चाकं, जुना मुखवटा, ३५-ए. चाकं बदललेली असू शकतात, मुखवटा बदललेला असू शकतो, पण सगळं एकत्र बदललेलं सहसा नसतं.

तुमची गाडी फोर्ड नसेल तर

शेवरले सोपी. नंबरातली अक्षरंच वर्ष सांगतात, १९२९ ला एसी, १९३० ला एडी, १९३१ ला एई, आणि अक्षरांच्या आधीचा आकडा अमेरिकेतला कारखाना, १ म्हणजे फ्लिंट, ३ म्हणजे सेंट लुईस. पण जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला घेतल्या होत्या, त्यामुळे प्लेटवर अमेरिकेचा आकडा दिसलाच नाही तर दचकू नका.

ऑस्टिन, मॉरिस, एमजी, स्टँडर्ड वगैरे इंग्लिश गाड्या असतील तर नशीबवान. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये बऱ्याच मॉडेलांची कारखान्याची वहीच जपून ठेवलीय, फी भरली आणि नंबर बरोबर असला की गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, कुठल्या देशात पाठवली ह्याचा दाखला मिळतो. रोल्स-रॉइस असेल तर प्रत्येक चेसीचं कार्डच असतं, पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावासकट, म्हणून तिथं "महाराजांची" हे खरं की खोटं लगेच कळतं. त्यांच्या बऱ्याच नंबर-मालिकांत १३ हा आकडाच वगळलेला असतो, अपशकुन म्हणून. गोरे पण आपल्यासारखेच.

जीप हा आपल्याकडचा मोठा विषय, कारखान्यांच्या भागात प्रत्येक जुन्या पुढाऱ्याच्या अंगणात एक. दुसऱ्या महायुद्धातली जीप विलीज कंपनीची की फोर्डची हे फ्रेमच्या पुढच्या आडव्या दांड्यावरून कळतं, विलीजला गोल पाईप, फोर्डला उलट्या यू आकाराचा पत्रा. फोर्डवाल्यांनी तर बोल्टच्या डोक्यावर सुद्धा एफ मारलाय. विलीजचा नंबर पुढच्या बंपरच्या मागं डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला प्लेटवर, फोर्डचा डाव्या पट्टीच्या वरच ठोकलेला.

कागद

लोखंड झालं की मगच कागद. उलटं केलं तर कागदात जे लिहिलंय तेच लोखंडावर दिसायला लागतं, माणसाचं डोकंच तसं आहे.

आरसी बुक, जुने टॅक्सचे गोल टोकन, विम्याच्या पावत्या, आजोबांच्या वहीतला पेट्रोलचा हिशोब, लग्नातले फोटो. फोटोत नंबर प्लेट दिसते का बघा, भिंग लावा. आताची एमएच-०९ वाली पद्धत १ जुलै १९८९ पासूनची, त्याआधीच्या प्लेटवर बहुधा तीन अक्षरं आणि आकडे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे त्याआधी संस्थानात असलेल्या गाडीची नोंद संस्थानाच्या दप्तरात शोधायची, मुंबईच्या नाही. त्यासाठी इथलंच पुरालेखागार. तिथं जाताना नुसतं "जुनी गाडी" म्हणून जाऊ नका, अंदाजे वर्ष आणि मालकाचं नाव घेऊन जा, आणि मोडी वाचणारं कुणी सोबत असेल तर उत्तम.

गाडी ऑनलाइन दिसत नसेल तर घाबरू नका, कागदी आरसीची नोंद कॉम्प्युटरवर चढलेली नसते, आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, जेवणाचा डबा घेऊन जा.

आणि २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं व्हिंटेजचे वेगळे नियम आणलेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चेसी-बॉडी-इंजिनमध्ये मोठे फेरफार नसलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. फॉर्म २० भरायचा, विमा, जुनी आरसी, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एन्ट्री. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी, पुढच्या वेळेस पाच हजार. नवीन नंबर असेल तर त्यात व्हीए ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तो ठेवाच, जुन्या प्लेटची मजा वेगळी. ही गाडी रोज भाजी आणायला वापरायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती असल्या कामांसाठीच. अर्ज करायच्या आधी आरसी आणि लोखंड यातला फरक स्वतःहून लेखी सांगा, प्रिंट जोडून. तपासणीत त्यांना सापडला तर तुम्ही चोर, तुम्ही आधी सांगितला तर तुम्ही अभ्यासू.

गोष्टी सगळ्यात शेवटी ऐकायच्या, पण ऐकायच्याच. मामांच्या शेजारच्या म्हाताऱ्यांनी सहज सांगितलं की त्यांच्या लहानपणी ह्या गाडीचं इंजिन काढून एक पावसाळा उसाच्या चरकाला जोडलं होतं आणि नंतर सांगलीकडून दुसरं आणलं. आरसी आणि फ्रेम का जुळत नाही ह्याचं उत्तर अख्खा वेळ बांधाच्या पलीकडं बसलेलं होतं, पण फ्रेमवरचा नंबर बघितला नसता तर आम्ही ते कधी विचारलंच नसतं.

सगळी फाइल तयार झाल्यावर मामांपुढं ठेवली. प्रिंट दाखवली, सीए समजावलं, नकाशात वॉकरव्हिल दाखवलं, महाराजांचा कुठंच उल्लेख नाही हे पण जरा दबकत सांगितलं. मामांनी प्रिंट उजेडात धरून नीट बघितली, सुपारी कातरली आणि म्हणाले, "म्हंजे म्हाराजांनी कॅनडास्नं मागवली व्हती म्हण की."